मिठाचा शेक

लेह, ता. १४ मे १९५५

प्रिय बाय,

गोपीचा नमस्कार. भावजी इस्पितळातून सुटून कोपरला पोचल्याचं इथल्या कचेरीत कळलं. आजवर माझी पत्रं तुला शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे. आता वाचणारा नवराच घरी आला, म्हणजे मास्तरांची सुटका झाली. हे पत्रही भावजीच वाचत असणार. भावजी, नमस्कार. तुमचे पाय (इथे मी दोनदा खोडलंय, माफ करा) तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे.

बाय, मागे तू विचारलं होतंस, "गोपी, तू तिकडं फटफटीवर बसून करतोस तरी काय रं?" त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. आज सवड आहे, देतो.

मी टपाल्या आहे. गावचा टपाल्या पायी फिरतो, मी मोटारसायकलवर, एवढाच फरक. पिशवीत साहेबांचे मोहोरबंद कागद आणि जवानांची पत्रं. लेहपासून पुढच्या ठाण्यापर्यंत चाळीस मैल. रस्ता म्हणजे मोठे दगड बाजूला सारले की उरते ती वाळू. ही फटफटीही रस्त्याने आलेली नाही. सुटी करून विमानातून आणली आणि इथे जोडली. हिवाळ्यात पहाटे तिच्या इंजिनाखाली कोळशाची शेगडी ठेवावी लागते, कारण तेल गोठून काकवी झालेलं असतं. मग लाथा मारायच्या. विसाव्या लाथेला बाईसाहेब एकदा खोकतात, तिसाव्याला उठतात.

तू म्हणशील, वाळवंट म्हणजे ऊन असेल. हे वाळवंट देवाने माळ्यावर टाकलंय. चाळीस मैलांत एक झाड नाही. भुरे डोंगर, खाली सिंधू नदी, तीही थंडीत कडेकडेने गोठते. हवा इतकी पातळ की चार पावलं धावलं तर बसावं लागतं. मी कोटाखाली छातीवर वर्तमानपत्र घालतो. बातम्या महिन्याच्या शिळ्या असतात, ऊब मात्र ताजी मिळते. फटफटीला भोंगा आहे, पण वाजवायचा कुणाला?

बाकी ठीक. भावजींच्या जागी तारा जोडायच्या कामावर पंजाबचा एक जण आलाय. चांगला आहे. गेल्या वेळी तू आपल्या मिठागरातल्या मिठाची पुरचुंडी दिली होतीस, ती संपली. आता पाठवू नकोस. इथे मीठ मिळतं.

तुझा,
गोपीनाथ


लेह, ता. २१ ऑक्टोबर १९५५
(हे टपालात टाकणार नाही.)

बाय,

तुझं कल्याणहून आलेलं पत्र मिळालं. पोस्टाबाहेर बसणाऱ्या कुणा पत्रलेखकाचं अक्षर आहे, पण त्याने तुझे शब्द जसेच्या तसे उतरवलेत. "टिटवाल्याला गनपतीला जातंय सांगून निंगालंय नि कल्यानला उतरलंय. घरी कसा लिवू? घरी लिवनारं तेच हान." देवाला फसवून भावाला पत्र लिहिलंस.

सगळं वाचलं. भावजींचा पलटणीचा कागद कुणीतरी वाचून दाखवला आणि गावभर झालं. हुकूम मोडून स्वतःच पाय शेकले, म्हणून अर्धी पावलं कापावी लागली. गावाने त्याला तिखटमीठ लावलं. विहिरीवर बायका म्हणतात, सगुणाचा दादला थंडीला भ्यायला, शेगडीत पाय घालून घरी पळून आला. पोरं त्यांना 'शेगडीवाला' म्हणतात. तू लिहितेस, मी जेवायला वाढते आणि पाठ करून बसते. "मना त्यांच्या पायाची नाय रं लाज वाटत, त्यांनी केला त्याची वाटतं."

आणि शेवटी लिहितेस, "तू तिथं व्हतास. खरा काय ता मना सांग. उत्तर तेच वाचतीन, म्हनून खरा असला तर 'बर्फ परला' लिव, खोटा असला तर 'ऊन परला' लिव. खरा असला तर मी विठ्ठलवाडीला मावशीकडं जाईन, ती परत येनार नाय."

बाय, दोनच शब्दांतला एक लिहायचाय. लेहात ऊन तर रोजच पडतं, खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही. पण 'ऊन' लिहिलं की तू पुढे विचारशील, मग कुणी केलं? आणि 'बर्फ' लिहिलं तर तू बोचकं बांधशील. दुपारपासून कार्ड पुढे ठेवून बसलोय. तुझ्या भावाला फटफटीवरून दरीच्या कडेने जायला भीती वाटत नाही, हे तू चारचौघांत सांगत असशील. सांगू नकोस.


लेह, ता. २२ ऑक्टोबर १९५५
(कार्ड)

प्रिय बाय, मी खुशाल आहे. तुम्ही उभयता खुशाल असाल. इकडे ढगाळ आहे. भावजींना नमस्कार. गोपीनाथ.


लेह, ता. ३० जानेवारी १९५६

प्रिय बाय,

हे मोठं पत्र आहे. भावजी, सावकाश वाचा आणि सगळं वाचा.

गेल्या वर्षी सतरा जानेवारीला पुढच्या ठाण्याची तार तुटली. भावजी जोडायला पायी निघाले होते. मला टपाल घेऊन तिथेच जायचं होतं. माझ्या फटफटीवर दुसरा माणूस बसवायचा नाही असा हुकूम होता. मी म्हटलं, "बसा मागे. मेव्हण्याच्या मागे बसायची लाज वाटते काय?" ते म्हणाले, "हुकूम हाय ना रं?" मी म्हटलं, "हुकूम पायी चालणाऱ्यांसाठी असतात." मग ते बसले.

सव्विसाव्या मैलावर एक ओढा रस्ता ओलांडून सिंधूला जातो. वरून गोठलेला. खाली उतरून, ठोकून बघून मगच फटफटी घालायची, ही रीत. मी उतरलो नाही. इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू होईल की नाही, ही धास्ती. मधोमध आल्यावर मागचं चाक फुटक्या बर्फातून खाली गेलं. भावजी टुणकन खाली उतरले, गुडघाभर पाण्यात, आणि मागून सगळी फटफटी उचलून धरली. मी वर बसून मूठ पिळत होतो. आम्ही पलीकडे निघालो तेव्हा माझे बूट कोरडे होते.

नंतरचे सहा मैल वारा समोरून होता. भावजी मागून ओरडले, "गोपी, पाय लय दुकतान." थोड्या वेळाने म्हणाले, "आता नाय दुकत." मला बरं वाटलं. बाय, खरंच सांगतो, मला बरं वाटलं.

संध्याकाळच्या आत मेंढपाळांच्या एका दगडी खोपीशी पोचलो. बूट सुरीने कापून काढले. पावलं मेणासारखी पांढरी. आता नीट ऐक. हिवाने बधिर झालेला पाय शेकू नये, दुसऱ्याने आपल्या पोटाशी, काखेत धरून अंगाची ऊब द्यावी, हा हुकूम आम्हाला दर सोमवारी हजेरीला वाचून दाखवत. मी हसायचो. मिठागरवाल्यांच्या पोराला शेक शिकवतात! बाबा थंडीत पहाटेपासून मिठागराच्या पाण्यात उभे राहून यायचे, तेव्हा आई काय करायची ते तुला आठवत असेल. तव्यावर मीठ भाजायची, फडक्यात बांधायची, तळव्यांना लावायची. घटकाभरात बाबा उठून चालायला लागायचे. मला वाटलं, हे साहेब लोक कधी पाण्यात उभे राहिलेत?

मी शेणी पेटवल्या, पत्र्याच्या ताटलीत तुझं मीठ ओतलं, भाजलं, मोज्यात भरलं. भावजी म्हणाले, "गोपी, पोटाशी धर रं. हजेरीला सांगतान तसा." मी म्हटलं, "जावई झालात म्हणून तुमचे पाय पोटाशी धरू? सासऱ्याने धुतले तेवढे पुरे." आणि हसलो. तेही हसले. मग मी शेक लावला. ते म्हणाले, "गरम नाय लागत." मी आणखी तापवलं. पुन्हा म्हणाले, "नाय लागत." मी आणखी तापवलं. बाबांचे पाय थंड होते, भावजींचे पाय मेलेले होते, हा फरक मला कळला नाही. ज्याला चटका कळत नाही त्याला किती शेकायचं, हे आईने कधी सांगितलं नव्हतं. तिच्यावर तशी वेळच आली नव्हती.

सकाळी मोजा काढला तेव्हा त्याच्याबरोबर कातडी आली.

डॉक्टर म्हणाले, नुसत्या हिवाने एखाददुसरं बोट गेलं असतं. भाजल्यामुळे पावलं गेली. साहेबांनी मला विचारलं, शेक कुणी दिला? बाय, माझ्यावर आधीच दोन गुन्हे होते, एक मागे बसवल्याचा आणि एक ओढ्याचा. तिसरा नको म्हणून मी म्हटलं, "मी झोपलो होतो साहेब. त्याने स्वतःच घेतला." भावजी खाटेवर पडून ऐकत होते. साहेब त्यांच्याकडे वळले. भावजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "होय साहेब. मीच."

तर भावजी थंडीला भ्यायले नव्हते. भ्यायलो मी, तेही थंडीला नाही, एका कागदाला. त्यांना पाठ करून बसू नकोस. पाठ करायची तर माझ्याकडे कर.

गोपीनाथ


लेह, ता. १९ एप्रिल १९५६

प्रिय बाय,

तुझं उत्तर आलं. अक्षर भावजींचं. "तुझे सविस्तर पत्र मिळाले. मजकूर वाचून आनंद झाला. आंब्याला मोहोर बरा आहे. म्हैस व्याली."

आनंद झाला! मी हे तीनदा वाचलं. आणि लाज सोडून सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा छातीवरचा धोंडा उतरला. दुसऱ्यांदाही थोडा हलकाच वाटला. तिसऱ्यांदा उमगलं की तुझ्यापर्यंत काही पोचलंच नाही. वाचणाऱ्याने वरचा नमस्कार वाचला, खालची सही वाचली आणि मधला सगळा मजकूर गिळला.

म्हणून या खेपेला फिरवून लिहीत नाही. बाय, भावजींचे पाय मी जाळले.

गोपीनाथ


जबलपूर, ता. ८ डिसेंबर १९५७

सहदेवा,

तुझ्या नि बायच्या लग्नाआधी आपण अरेतुरे होतो. मिठागराच्या बांधावरून तू मला ढकलायचास आणि मी तुला. आज पुन्हा अरेतुरे करतो, कारण हे पत्र फक्त तुला आहे. मोठ्याने वाचू नकोस. तशी तुला सवय आहेच.

दोन पत्रं तू गाळलीस. दुसऱ्यात तर गाळायला काही ठेवलंच नव्हतं, तरी तू उत्तर पाठवलंस की माझी तब्येत बरी असल्याचं ऐकून बायला बरं वाटलं. शेवटी मी तुलाच विचारलं, असं का करतोस? त्यावर तुझं उत्तर आलं. ते माझ्या पेटीत आहे, पण न काढताही म्हणून दाखवतो. "आई-बा गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे तू एकटा. नवरा वाईट निघाला तर बाई रडते, शिव्या घालते, पण राहते. भाऊ वाईट निघाला तर तिनं जायचं कुठं? मला पाठ करून बसते, बसू दे. जेवायला तर वाढते."

ती मावशीकडे गेली नाही, हे वाचून मी देवापुढे दिवा लावला. माझ्या ढगाळ हवेचा तिने काय अर्थ लावला, कोण जाणे.

आणि तू म्हणालास ते मी मान्य केलं. तुझ्या मोठेपणाखाली अंग चोरून बसलो. मनाला म्हटलं, मी सांगितलं होतं, त्यानेच दाबलं, माझा इलाज नाही. अशी दीड वर्षं छान झोप लागली.

गेल्या महिन्यात मी रजेवर आलो होतो. तुम्हाला कळवलं नव्हतं. डोंबिवलीला उतरून चालत निघालो. कोपरच्या शिवेशी तू बांधावरून येताना दिसलास, दोन्ही हातांत काठ्या. मागे तीन-चार पोरं तुझ्यासारखी लंगडत चालत होती आणि ओरडत होती, "शेगडीवाला आला, शेगडीवाला आला." तू मागे वळून बघितलंस आणि त्यांच्यातल्या एकाला म्हणालास, "अरं, बरोबर नाय जमत. टाच टेकव." पोरं हसली. तूही हसलास.

मी बाभळीच्या आड उभा होतो. चार पावलं पुढे येऊन पोरांना खरं सांगितलं असतं तरी गावाला कळलं असतं. मी मागे फिरलो. बायसाठी घेतलेलं लुगडं ठाण्याला एका ओळखीच्या घरी ठेवलं आणि रजा अर्धी टाकून इकडे बदलीच्या जागी परत आलो. सरहद्दीवर नोकरी केलेला माणूस शिवेवरून पळाला.

तू लिहिलंयस की बायने मंदाकिनीबाईंच्या साक्षरतेच्या वर्गात नाव घातलंय, पाटी तूच आणून दिलीस आणि घरी अभ्यासही तूच घेतोस. सहदेवा, तुला काही भीती आहे की नाही? माझी पत्रं कुठे आहेत? जाळून टाक, असं लिहायला हात धजत नाही. जाळू नकोस, असंही लिहीत नाही. तुझा मेव्हणा आहे हा असा.

गोपी


कोपर, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९५८

गोपीस सगुनाचा आशीरवाद.

हे मी लिवलंय. कोनी लिहून दिलं नाय. बाई म्हनाल्या पयलं पत्र आपल्या मानसाला लिवा.

तुझी पत्रं त्यांच्या ट्रंकेत कापडाखाली व्हती. दसऱ्याला शस्त्रं पुजायची म्हनून घट बसायच्या आधीच कोयता घासाला काडताना गावली. पयली मना ठाव व्हती. दोन नाय ठाव. नि एक त्यांच्या नावाचं, माहेराचं लिवलेलं, ते पन वाचलं. मोठं पत्र वाचाला मना नऊ दिवस लागलं. जोडाक्षर अडतान. ते शेतावर गेले का वाचायची. हुकूम हा शब्द लवकर आला. मोजा काढला तिथं मी दोन दिवस थांबली.

आता आठवतंय. ते पत्र वाचताना ते मधीच खोकाचे नि पान उलटाचे. मी म्हनाची तंबाखू सोडा.

तीन वरसं मी त्यांना पाठ करून बसली. विहिरीवर बाया बोलाच्या तवा मी पन त्यांच्यात बोलली. हे तुना म्हाईत नाय. हे माझं हाय, तुझ्यावर नाय घालत.

काल मी त्यांच्या पुढ्यात बसून वाढलं. ते म्हनाले आज काय झालं. मी म्हटलं काय नाय, जेवा. मी वाचलं ते त्यांना सांगितलं नाय. ते तू सांगाचं.

तू लिवलंस भावजी सगळं वाचा. त्यांनी नाय वाचलं. मी वाचलं तर घरातल्या घरात ऱ्हाईल. गावानं कागद ऐकलाय, गावानं हे पन ऐकाला पायजे. भाऊबीजेला ये. लुगडं आनू नको. दुपारी मी सगल्यांना ओटीवर बोलावीन. विहिरीवरच्या बायांना पन, त्या पोरांना पन. ते मधी बसतील. तू तुझं मोठं पत्र उभा राहून मोठ्यानं वाचाचं. मग तुना ओवाळाचं का नाय ते मी बघीन.

आला नाहीस तर मना भाऊ नाय, असं मी समजीन. माहेराची काळजी तुमी दोघांनी लय केली. आता मी करीन.

पत्र माझ्या हातात असेल. मी ओळीवर बोट ठेवून बसीन. एक पन ओळ गाळू नको, मना आता वाचता येतंय.

सगुना